शेजारचा गोठा आणि दुर्गंधीचे निवारण : रायपूर शहराच्या निमित्ताने

१ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ राज्य अस्तित्वात आले आणि राजधानी झालेले रायपूर शहर चारही दिशांनी वेगाने पसरू लागले. वेशीबाहेरची गावे महापालिकेचे वॉर्ड बनली, धानाच्या शेतांवर वसाहती उभ्या राहिल्या. मात्र त्या गावांतील गोठे जेथे होते तेथेच राहिले. जुन्या रायपुरात, म्हणजे पुरानी बस्ती, ब्राह्मणपारा किंवा मराठी कुटुंबांची जुनी वस्ती असलेल्या तात्यापाऱ्यासारख्या भागांतही, घरामागे एक-दोन गाई बाळगण्याची रीत होतीच. छत्तीसगढीत घरगुती गोठ्याला ‘कोठा’ म्हणतात, तर दूधविक्रीसाठी चालवलेल्या मोठ्या गोठ्याला ‘खटाल’. शहर दाट होत गेले तसे हे कोठे आणि खटाल घरांच्या अगदी लगत आले. आज अनेक गल्ल्यांमध्ये एका भिंतीच्या अलीकडे झोपण्याच्या खोलीची खिडकी आणि पलीकडे आठ-दहा म्हशींची दावण असे चित्र दिसते.

अशा ठिकाणी होणाऱ्या तक्रारीचे स्वरूप ठराविक असते. रहिवासी म्हणतो, खिडकी उघडता येत नाही, जेवणावर माश्या बसतात, घरातील दम्याच्या रुग्णाला त्रास होतो. गोपालक म्हणतो, आम्ही येथे आधीपासून आहोत, याच दुधावर आमचे कुटुंब जगते आणि जनावर म्हटले की वास येणारच. दोन्ही बाजूंचे म्हणणे आपापल्या जागी खरे आहे. परंतु दोघेही एका गोष्टीवर नकळत एकमत झालेले असतात, ती म्हणजे जनावरे आहेत तेथे दुर्गंधी असणारच. म्हणून एक जण ‘जनावरे हटवा’ अशी मागणी करतो आणि दुसरा ती धुडकावतो. वस्तुतः निरोगी गाई-म्हशीच्या अंगाचा आणि ताज्या शेणाचा वास सौम्य असतो. असह्य दुर्गंधी निर्माण होते ती साचलेल्या ओल्या शेणापासून आणि मूत्रापासून. ती निर्माण होण्यापूर्वी थांबवता येते, तीही जनावरे न हलवता आणि फार मोठा खर्च न करता. तक्रार करणाऱ्याने ‘काय मागायचे’ हे नीट समजून घेतले तर अर्धा वाद तेथेच मिटतो.

दुर्गंधी कशी निर्माण होते

मोठ्या दुभत्या जनावराकडून दररोज साधारण १५ ते २० किलो शेण आणि त्याखेरीज मूत्र बाहेर पडते. दहा म्हशींचा खटाल धरला तर दिवसाला दीडशे ते दोनशे किलो आणि महिन्याला साडेचार ते सहा टन शेण झाले. एवढ्या मालाला रोज बाहेर जाण्याची वाट नसेल तर तो कोठेतरी साचणारच.

या साठ्यातून दोन वेगवेगळ्या प्रकारची दुर्गंधी येते व त्यांचे उपायही वेगळे आहेत. डोळे चुरचुरवणारा, नाकाला झोंबणारा वास अमोनियाचा. मूत्रात युरिया असतो. नुसत्या मूत्रातील युरिया लगेच विघटित होत नाही. परंतु शेणातील जिवाणूंजवळ युरियाचे रूपांतर अमोनियात करणारे विकर असते. मूत्र आणि शेण एकत्र आले की काही तासांतच अमोनिया सुटू लागतो. उष्णतेने ही क्रिया अधिक वेगवान होते आणि रायपूरचा मे महिना ४४-४५ अंशांपर्यंत सहज जातो. दुसरा वास सडका, कुजक्या अंड्यासारखा किंवा आंबट असतो. ओल्या ढिगाच्या आत हवा पोहोचत नाही, तेथे हवेविना जगणारे जिवाणू वाढतात आणि हायड्रोजन सल्फाइड, मेदाम्ले, क्रेसॉल, स्कॅटोल अशी द्रव्ये तयार होतात. यांपैकी काही द्रव्ये कित्येक कोटी भागांत एक भाग असली तरी माणसाच्या नाकाला जाणवतात. त्यामुळे थोडा साठाही मोठ्या परिसराला त्रास देऊ शकतो.

हवामानाचाही यात वाटा असतो. हिवाळ्यात पहाटे व संध्याकाळी जमिनीलगतची हवा थंड आणि वरची उबदार राहते, त्यामुळे खालची हवा वर न जाता वस्तीतच रेंगाळते. नेमकी हीच दूध काढण्याची आणि गोठा धुण्याची वेळ. दुपारी जाणवत नाही असा वास पहाटे पाच वाजता घरात भरतो तो यामुळे.

आणखी एक गोष्ट वादाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. एखादा वास सतत येत राहिला तर नाक त्याला सरावते आणि काही मिनिटांतच तो जाणवेनासा होतो. ‘मला तर काहीच वास येत नाही’ असे गोपालक सांगतो तेव्हा तो बहुधा खोटे बोलत नसतो. त्याच्या म्हणण्याला उद्धटपणा समजून आवाज चढवण्याने काहीच साध्य होत नाही.

दुर्गंधी ही केवळ गैरसोय आहे असेही मानू नये. अमोनियामुळे डोळे, नाक व श्वासनलिकेचा दाह होतो, दम्याचा विकार बळावतो. ओल्या शेणात घरमाशी अंडी घालते आणि उन्हाळी हवामानात सात ते दहा दिवसांत अंड्यापासून पूर्ण माशी तयार होते. अतिसार पसरवण्यात या माशीचा वाटा मोठा आहे. शेण नालीत सोडले की नाली तुंबते आणि साचलेल्या घाण पाण्यात हत्तीरोगाचा प्रसार करणारे क्युलेक्स डास वाढतात. अशुद्ध हवेचा पहिला परिणाम खुद्द जनावरांवर होतो हे गोपालकाला आवर्जून सांगण्यासारखे आहे. ओलसर, अमोनियाने भरलेल्या गोठ्यात कासदाह आणि खुरांचे आजार वाढतात व दूध घटते.

गोठ्यात करावयाचे बदल

पहिला आणि सर्वांत परिणामकारक बदल म्हणजे मूत्र शेणापासून वेगळे करणे. यासाठी जनावरांच्या मागे उथळ नाली हवी आणि फरशीला तिच्या दिशेने दर ४० ते ६० फुटांस एक फूट एवढा उतार हवा. अनेक जुन्या कोठ्यांची जमीन मातीची किंवा खड्डे पडलेली असते. तेथे मूत्र मुरते व कितीही झाडले तरी वास जात नाही. खडबडीत सिमेंटचा कोबा केला तर मूत्र वाहून जाते आणि जनावराचा पायही घसरत नाही. नालीच्या टोकाला झाकण असलेली छोटी टाकी ठेवावी. त्यातील मूत्र पाणी मिसळून पिकांना देता येते. हा एकरकमी खर्च आहे. गल्लीतील चार-पाच घरांनी मिळून त्यातील काही भार उचलला तर त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. वर्षानुवर्षे भांडण्यापेक्षा ते स्वस्त पडते.

दुसरा बदल धुण्याच्या पद्धतीत. बहुतेक ठिकाणी शेणावर थेट पाइपने पाणी मारले जाते. यामुळे घट्ट शेणाचा पातळ काला होतो, तो नालीत जातो आणि पुढे तुंबून सडतो. आधी फावड्याने व घमेल्याने शेण कोरडेच उचलावे आणि नंतर उरलेली जागा थोड्या पाण्याने धुवावी. पाणीही वाचते आणि शेणही विकण्याजोगे राहते. दिवसातून किमान दोनदा, दूध काढण्यापूर्वी, शेण उचलले गेले तर गोठ्यातील अमोनिया लक्षणीय कमी होतो.

तिसरी गोष्ट कोरड्या अंथरुणाची. रायपूरला ‘धानाच्या कटोऱ्या’चे महत्त्वाचे केंद्र मानतात, परिसरात भातगिरण्या भरपूर आहेत. भाताचे तूस आणि पेंढा, ज्याला तेथे ‘पैरा’ म्हणतात, सहज मिळतो. तूस ओल शोषते व गोठ्यात पसरण्यास उत्तम आहे, पण ते कुजायला फार वेळ घेते. खतासाठी पेंढाच चांगला. शेणात सुमारे ८० टक्के पाणी असते, तर चांगल्या कुजण्यासाठी ढिगात ५० ते ६० टक्के ओल पुरेशी असते. हिशेब केला तर १०० किलो ताज्या शेणात ४० किलोच्या आसपास कोरडा पेंढा मिसळावा लागतो. २५ ते ३० किलो मिसळला तरी फरक ठळकपणे जाणवतो. पेंढ्यामुळे ढिगात हवा खेळते, तसेच त्यातील कर्ब शेणातील नत्राला धरून ठेवतो. नत्र ढिगात राहिला तर ते खत. हवेत गेला तर तोच अमोनिया. शेजाऱ्याच्या नाकाला झोंबणारी वस्तू म्हणजे गोपालकाचे उडून जाणारे खत आहे, हे त्याला पटवून देता आले तर अनेकदा पुढचे बोलणे सोपे होते.

चौथा मुद्दा खाद्याचा, ज्याकडे फारसे कोणी पाहत नाही. दूध वाढावे म्हणून सरकी ढेप किंवा अन्य पेंड गरजेपेक्षा जास्त दिली जाते. जनावराला न लागणारे प्रथिन युरियाच्या रूपाने मूत्रावाटे बाहेर पडते आणि त्याचा अमोनिया होतो. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने संतुलित आहाराचा जो कार्यक्रम देशभर राबवला, त्याचा उद्देश खर्च कमी करून दूध टिकवणे हा होता. दुर्गंधी कमी होणे हा त्याचा न मोजलेला लाभ म्हणता येईल. गव्हाणीत राहिलेले ओले उष्टे खाद्य आणि भाजीबाजारातून आणलेला सडका पाला हेही दुर्गंधीचे कारण असते. अनेकदा दोष शेणाला दिला जातो आणि वास त्या पाल्याचा असतो.

येथे काही चुकीच्या उपायांबद्दल सावध करणे भाग आहे. वास आला की चुन्याची फक्की टाकण्याची सवय सर्वत्र आहे. स्वच्छ केलेल्या कोरड्या फरशीवर चुना लावणे योग्यच; परंतु ओल्या शेण-मूत्रावर चुना टाकला तर मिश्रण अधिक अल्कधर्मी होते आणि अमोनिया उलट जोराने बाहेर पडतो. त्याऐवजी नालीत थोडे सुपर फॉस्फेट टाकल्यास अमोनिया खतातच बांधला जातो व त्या खताची प्रतही सुधारते. ब्लिचिंग पावडर तर मूत्र साचलेल्या ठिकाणी कधीच टाकू नये. अमोनिया आणि क्लोरीन यांच्या संयोगाने फुप्फुसांना अपायकारक वायू निर्माण होतो. फिनाइल किंवा सुगंधी द्रव्ये यांनी वासावर वास चढतो, एवढेच. आणि शेणाच्या रबडीची बंद टाकी किंवा खोल खड्डा साफ करण्यासाठी माणसाने कधीही आत उतरू नये. हायड्रोजन सल्फाइड अधिक प्रमाणात साठला की नाक बधिर होते, वास येईनासा होतो आणि काही क्षणांत माणूस कोसळतो. त्याला वाचवण्यासाठी उतरलेला दुसराही बहुधा वाचत नाही.

शेणाला रोजची वाट

गोठा कितीही स्वच्छ ठेवला तरी उचललेले शेण जाणार कोठे, हा प्रश्न उरतोच. शहरातील दुर्गंधीचे मूळ बहुतांशी येथे आहे. गावात प्रत्येकाचा उकिरडा असतो, छत्तीसगढीत त्याला ‘घुरवा’ म्हणतात, आणि तेथून खत शेतात जाते. शहरातील खटालाजवळ शेत नसते. ‘छेना’ म्हणजे गोवऱ्या थापण्यासाठी पूर्वी मोकळी जागा असे, तीही आता नाही. मग शेण रात्री नालीत जाते, नाल्यात जाते आणि शेवटी ज्या खारुन नदीतून रायपूर पिण्याचे पाणी घेते तिच्या वाटेला लागते.

या संदर्भात छत्तीसगढचा अलीकडचा अनुभव अभ्यासण्याजोगा आहे. २० जुलै २०२० रोजी, हरेली सणाच्या दिवशी, राज्य शासनाने गोधन न्याय योजना सुरू केली. गोठानांमध्ये दोन रुपये किलो दराने शेण खरेदी होऊ लागली. २८ जुलै २०२२ पासून चार रुपये लिटर दराने गोमूत्रही घेण्यास प्रारंभ झाला. खरेदी केलेल्या शेणापासून महिला बचत गट गांडूळखत तयार करीत. अंत्यविधीसाठी लाकडाला पर्याय म्हणून ‘गोकाष्ठ’ आणि पुढे शेणापासून रंगही तयार केला गेला. दहा म्हशींच्या मालकाला दीडशे किलो शेणाचे दिवसाला तीनशे रुपये मिळू शकत होते. ज्या वस्तूचे तीनशे रुपये येतात ती कोणी नालीत सोडत नाही. २०२३ च्या अखेरीस राज्यात सत्तांतर झाले आणि ही खरेदी पुढे चालू राहिली नाही. योजनेच्या गुणदोषांची चर्चा येथे प्रस्तुत नाही. आपल्या विषयापुरते एवढे दिसते की शेणाला भाव असला तर दुर्गंधीसाठी वेगळी मोहीम काढावी लागत नाही. आणि तो भाव केवळ शासनाच्या तिजोरीवर अवलंबून असेल तर धोरण बदलताच शेण पुन्हा नालीत येते. म्हणून रोपवाटिका, भाजीपाला उत्पादक आणि फळबागा यांच्याशी थेट व्यवहार बसवणे अधिक टिकाऊ ठरेल. रोज सकाळी ठरलेल्या वेळी एक ट्रॅक्टर-ट्रॉली चार-पाच खटालांचे शेण उचलून शहराबाहेर नेते, एवढी साधी व्यवस्थाही पुष्कळ काही साधते. आठवड्यातून दोनदा जरी उचल झाली तरी माशीचे जीवनचक्र पूर्ण होत नाही.

ज्यांच्याजवळ थोडी जागा आहे त्यांच्यासाठी नाडेप पद्धत आहे. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे शेतकरी नारायण देवताव पांढरीपांडे यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ती ओळखली जाते. जमिनीवर विटांचे १० फूट लांब, ६ फूट रुंद व ३ फूट उंच असे टाके बांधतात आणि भिंतींत मुद्दाम छिद्रे ठेवतात. हवा सर्व बाजूंनी खेळत असल्याने सडका वास येत नाही. वरून माती-शेणाने लिंपल्यामुळे माश्यांनाही वाव राहत नाही. सुमारे तीन ते चार महिन्यांत खत तयार होते. मात्र एक भेद ध्यानात घ्यावा. ही पद्धत शेण कमी व काडीकचरा भरपूर असलेल्या शेतकऱ्यासाठी आहे. एका टाक्यात शंभर किलोच्या आसपास शेण आणि त्याच्या चौदा-पंधरा पट काडीकचरा लागतो. शहरातील खटालाची स्थिती नेमकी उलट आहे. तेथे नाडेपचे टाके दोन-चार गाईंच्या घरगुती कोठ्याला सोयीचे, दहा म्हशींना ते पुरणार नाही.

गांडूळखतासाठी ताजे शेण थेट वापरता येत नाही. त्यातील उष्णतेने व अमोनियाने गांडुळे मरतात. ते पंधरा दिवस सावलीत पसरून, अधूनमधून हलवून मग वापरावे लागते. हे पंधरा दिवस शेजाऱ्याच्या भिंतीलगत काढू नयेत, एवढे पथ्य पाळले तर पुढची प्रक्रिया जवळजवळ निर्गंध असते.

मोठ्या गोठ्यासाठी बायोगॅस हाच सर्वांत योग्य मार्ग वाटतो. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे ५० किलो शेण आणि तेवढेच पाणी लागते. त्यावर एका कुटुंबाचा स्वयंपाक होतो. १९८०च्या दशकात विकसित झालेले दीनबंधू संयंत्र जमिनीखाली असते, त्यामुळे जागाही फारशी अडत नाही. बंद घुमटात मेदाम्लांचे मिथेनमध्ये रूपांतर होत असल्याने बाहेर येणाऱ्या मळीचा वास कच्च्या शेणापेक्षा खूपच कमी असतो. २०१८ पासून केंद्र शासनाची गोबरधन योजनाही याच दिशेने काम करीत आहे. अडचण भांडवलाची कमी आणि रोजच्या निगराणीची अधिक असते. शेण-पाण्याचे प्रमाण बिघडले किंवा मळी वेळेवर उचलली गेली नाही तर संयंत्र बंद पडते आणि मग तेच दुर्गंधीचे नवे ठिकाण बनते. बंद पडलेली अशी संयंत्रे खेडोपाडी पुष्कळ आढळतात.

तांत्रिक सल्ल्यासाठी रायपूर येथील इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालय, दुर्गजवळ अंजोरा येथील पशुवैद्यकीय महाविद्यालय तसेच जिल्ह्याचे कृषी विज्ञान केंद्र यांच्याशी संपर्क साधता येतो.

बोलणी, नोंदी आणि कायदा

शेजाऱ्याशी पहिले बोलणे तक्रारीच्या अर्जाने सुरू होऊ नये. रायपुरात दूधवाल्याला ‘भैया’ म्हणण्याची पद्धत आहे. त्याच नात्याने, दुपारच्या निवांत वेळी, शक्यतो त्याच्याकडून दूध घेणाऱ्या एखाद्या घरातील ज्येष्ठ व्यक्तीला बरोबर घेऊन जावे. ‘वास बंद करा’ ही मागणी अस्पष्ट आहे. ती मान्य करूनही कोणाला काही करता येत नाही. ‘ढीग आमच्या भिंतीपासून हलवून त्यावर पेंढ्याचा थर टाका, शेण सकाळी सातच्या आत उचला, धुतलेले पाणी नालीत सोडू नका’ या मागण्या स्पष्ट आहेत, त्यांचे पालन झाले की नाही हे दोघांनाही दिसते. एका वेळी एकच बदल सुचवावा आणि तो पंधरा दिवस पाहावा.

बोलणी निष्फळ ठरली तर नोंदी ठेवाव्यात. तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा, त्या वेळी गोठ्यात काय चालले होते, घरात कोणाला कोणता त्रास झाला. वासाचे छायाचित्र काढता येत नाही, पण तुंबलेल्या नालीचे आणि भिंतीलगतच्या ढिगाचे काढता येते. एकट्याच्या तक्रारीपेक्षा पाच-सहा घरांनी मिळून केलेल्या अर्जाला वजन असते.

अर्ज प्रथम महापालिकेच्या संबंधित झोन कार्यालयात करावा. राज्याच्या नगरीय प्रशासनाची ‘निदान ११००’ ही दूरध्वनी सेवाही आहे. छत्तीसगढ महानगरपालिका अधिनियम, १९५६ अन्वये वस्तीतील उपद्रव दूर करण्याचे अधिकार पालिकेला आहेत. मोठ्या खटालांसाठी राज्याचे पर्यावरण संरक्षण मंडळही जबाबदार यंत्रणा आहे. राष्ट्रीय हरित लवादासमोरील एका प्रकरणानंतर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये दुग्धशाळा व गोशाळांच्या पर्यावरणीय व्यवस्थापनासाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आणि २०२१ मध्ये ती सुधारली. शेण व सांडपाणी यांची विल्हेवाट, वस्तीपासूनचे अंतर, जल व वायू प्रदूषण कायद्यांखालील संमती अशा बाबी त्यांत आहेत. छत्तीसगढ हे राज्य लवादाच्या भोपाळ येथील मध्य विभागीय खंडपीठाच्या कक्षेत येते.

याखेरीज कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे जाता येते. फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १३३, जे १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १५२ झाले आहे, सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचा सशर्त आदेश देण्याची तरतूद करते. समोरच्याला आपले म्हणणे मांडण्याची संधी त्यात मिळते. या कलमाचे सामर्थ्य १९८० च्या रतलाम नगरपालिका विरुद्ध वर्दीचंद या निकालातून सिद्ध झाले. उघड्या गटारांच्या दुर्गंधीने त्रासलेल्या रतलामच्या रहिवाशांनी याच कलमाचा आधार घेतला होता. पैसे नाहीत ही सबब पालिकेला कर्तव्यातून मुक्त करीत नाही, असे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या निकालात ठामपणे सांगितले. रतलाम आणि रायपूर तेव्हा एकाच मध्य प्रदेशात होते.

मात्र हे कलम सार्वजनिक उपद्रवासाठी आहे, दोन शेजाऱ्यांच्या खासगी भांडणासाठी नव्हे. त्रास एकाच घराला असेल तर दिवाणी न्यायालयात मनाई हुकमासाठी दावा करावा लागतो, आणि तो मार्ग लांबचा व खर्चाचा आहे. ‘आम्ही आधीपासून आहोत’ या गोपालकाच्या युक्तिवादाबद्दल कायद्याची भूमिका स्पष्ट आहे. सार्वजनिक उपद्रव कितीही जुना असला तरी त्याचा हक्क बनत नाही, आणि त्यापासून कोणाची सोय होते म्हणून तो क्षम्यही ठरत नाही. तरीही नैतिकदृष्ट्या या युक्तिवादाला काहीच वजन नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. शहर त्याच्या दारी आले. त्याने शहरात अतिक्रमण केले नाही. म्हणून त्याला सुधारणेसाठी मुदत आणि साह्य मिळायला हवे.

सर्व गोठे शहराबाहेर हलवावेत, हा उपाय नेहमी सुचवला जातो. महाराष्ट्रातील वाचकांना याचा जुना दाखला ठाऊक आहे. मुंबईतील तबेले वस्तीबाहेर नेण्यासाठी १९४९ मध्ये गोरेगावला आरे दुग्ध वसाहत उभी राहिली. दारा खुरोडी यांनी मोठ्या दूरदृष्टीने आखलेला तो प्रकल्प दूधपुरवठ्याच्या दृष्टीने यशस्वी झाला. परंतु मुंबई आरेच्याही पुढे पसरली आणि शहरात नवे तबेले निघतच राहिले. १९७६ मध्ये राज्याला शहरांतील गुरे पाळण्यावर व त्यांच्या ने-आणीवर नियंत्रण ठेवणारा स्वतंत्र कायदा करावा लागला. पुढे तबेले डहाणूजवळ दापचरीला हलवण्याचेही प्रयत्न झाले. उपनगरांतील नद्यांमध्ये तबेल्यांचे शेण जाणे मात्र या सगळ्यानंतरही थांबले नाही. गोठा हलवला पण शेणाची व्यवस्था लावली नाही, तर दुर्गंधीचा फक्त पत्ता बदलतो. रायपूरच्या कडेला नव्या जागा देताना पक्की फरशी, मूत्रनाली, सामायिक बायोगॅस आणि शेण उचलण्याची व्यवस्था आधी तयार हवी. दूध शहरात पोहोचवण्याचा वाढलेला खर्चही हिशेबात धरावा लागेल. एक-दोन गाई बाळगणाऱ्या घरांना तर स्थलांतर म्हणजे व्यवसायच सोडणे. त्यांच्यासाठी जागेवरील सुधारणा हाच व्यवहार्य मार्ग आहे.

यातील वेळापत्रकाचा भाग विसरता येत नाही. रायपुरात जूनच्या मध्यास मोसमी पाऊस येतो आणि हंगामात हजार मिलिमीटरहून अधिक पडतो. पेरणीनंतर ‘रोका-छेका’च्या परंपरेप्रमाणे शहरालगतच्या गावांत गुरे बांधून ठेवली जातात, म्हणजे सर्वाधिक शेण सर्वाधिक ओल्या महिन्यांत एकाच जागी साचते. तेव्हा ढिगाखालची जमीन उंच करणे, त्यावर पत्र्याचे किंवा ताडपत्रीचे छप्पर घालणे, छपराचे पाणी ढिगापासून दूर वळवणे आणि चार महिन्यांचा कोरडा पेंढा साठवून ठेवणे ही कामे मेअखेरपर्यंत उरकली पाहिजेत. गोपालकाशी बोलायचे ते एप्रिलमध्ये, पेंढा स्वस्त असताना.